पूर्णांकाला जवळजवळ भिडणाऱ्या संख्या: कशा शोधाव्यात आणि कशा पारखाव्यात

ई या स्थिरांकाचा पाय इतका घात काढला आणि आलेल्या उत्तरातून पुन्हा पाय वजा केला, तर १९.९९९०९९९७९… ही संख्या मिळते. विसाला ती अवघी नऊ दशसहस्रांश कमी पडते. एक स्थिरांक चक्रवाढीच्या हिशेबातून आलेला, दुसरा वर्तुळाच्या परिघातून, दोघांचेही दशांश कधीच न संपणारे. असे असताना त्यांच्यातला फरक विसाच्या इतक्या जवळ का यावा, हा प्रश्न कोणालाही पडेल. कोल्हापुरातील अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर हा विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो, आणि दुसरा लगेच येतो: हे आम्हालाही शोधता येईल का? येते, आणि त्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. मात्र सापडलेल्या संख्येची पारख करणे हे शोधण्यापेक्षा अवघड आहे, म्हणून पुढे दिलेल्या पायऱ्यांमध्ये पारखण्यालाच अधिक जागा दिली आहे.

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव ज्याने पाहिला आहे, त्याला योगायोग आणि योजना यांतला भेद वेगळा सांगावा लागत नाही. जानेवारीच्या अखेरीस आणि नोव्हेंबरमध्ये मावळतीचे किरण गाभाऱ्यात थेट मूर्तीपर्यंत पोहोचतात, ते देवळाचे तोंड पश्चिमेला ठेवून तशी रचना केलेली आहे म्हणून. पूर्णांकाजवळ येणाऱ्या काही संख्यांच्या मागेही अशीच रचना असते, काहींच्या मागे ती अर्धवट असते, आणि काहींच्या मागे आजवर कोणालाही ती दिसलेली नाही. कोणती संख्या कोणत्या वर्गातली, हे ठरवण्याचे सर्वांत भरवशाचे साधन तो पूर्णांक नसून त्याच्यापर्यंत पोहोचायला जो लहानसा तुकडा कमी पडतो किंवा जास्त होतो, तो तुकडा आहे. हा तुकडा नेमका किती आहे आणि कुठून आला, एवढेच प्रत्येक वेळी विचारायचे आहे.

या लेखात पाय म्हणजे ३.१४१५९२६५…, ई म्हणजे २.७१८२८१८२… आणि फाय म्हणजे सुवर्ण गुणोत्तर १.६१८०३३९८… असे समजावे. घात दाखवण्यासाठी ^ हे चिन्ह वापरले आहे. पूर्णांकापासूनच्या तुकड्याला मी सर्वत्र ‘फरक’ म्हटले आहे.

पहिली पायरी: साधनाची कुवत ओळखणे

बारावीच्या विद्यार्थ्याला लॉगॅरिथमची कोष्टके सरावाची असतात. पण चार अंकी कोष्टक चारच सार्थ अंक देते, म्हणून या कामात त्याचा उपयोग नाही. सायंटिफिक कॅल्क्युलेटर सुरुवातीला पुरेसा आहे. त्याच्या पडद्यावर साधारणपणे दहा अंक दिसतात, पण आत तो काही अंक जास्त बाळगतो, आणि ते बाहेर काढण्याची युक्ती सोपी आहे. फाय^२० काढल्यावर पडद्यावर १५१२६.९९९९३ दिसते. त्यातून लगेच १५१२७ वजा करावेत, म्हणजे −०.००००६६१०७ असा फरक अधिक अंकांसह समोर येतो. उत्तर वहीवर उतरवून पुन्हा टंकू नये, कारण तसे केल्यास आत दडलेले अंक हातचे जातात.

एक्सेलसारखी कोष्टकप्रणाली पंधरा सार्थ अंकांपर्यंतच विश्वासार्ह असते. या मर्यादेचा फटका कुठे बसतो हे पाहण्यासाठी या विषयातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घ्यावे: ई^(पाय × √१६३). ही संख्या २,६२,५३,७४,१२,६४,०७,६८,७४३ आणि २,६२,५३,७४,१२,६४,०७,६८,७४४ यांच्या मध्ये आहे, म्हणजे तिचा पूर्णांकी भागच अठरा अंकांचा आहे. संगणकात दशांश संख्या साठवण्याची जी सर्वसाधारण पद्धत आहे, तिच्यात एवढ्या मोठ्या संख्यांपैकी फक्त ३२ च्या पटीत असलेल्याच साठवता येतात. शेवटी ७४४ असलेल्या या संख्येला ३२ ने भागल्यास बाकी ८ उरते. म्हणजे तो पूर्णांकसुद्धा त्या पद्धतीत जसाच्या तसा बसत नाही, मग दशांश चिन्हापुढचे अंक कुठून दिसणार? शिवाय घातांकातली अगदी सूक्ष्म चूक घात घेताना फुगते आणि शेवटचे तीनचार पूर्णांकी अंकही बिघडतात. अशा साधनावर ‘उत्तर पूर्णांक आले’ असे दिसले, तर त्या दिसण्याला काहीच अर्थ नसतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला जवळपास प्रत्येकाच्या खिशात आहे: अँड्रॉइड फोनवरील गूगलचा कॅल्क्युलेटर उत्तर बोटाने डावीकडे सरकवत नेले की पुढचे पुढचे अंक काढून दाखवत राहतो, आणि ते अंक बरोबर असतात. दुसरा उपाय पायथनमधील एमपीमॅथ या पॅकेजचा. त्यात किती सार्थ अंक हवेत ते आधी सांगता येते. किती सांगावेत याचा हिशेब असा: पूर्णांकी भागाचे जितके अंक असतील, त्यात दशांश चिन्हापुढे जितके अंक पाहायचे असतील ते मिळवावेत, आणि वर किमान पाच अंक जादा ठेवावेत. १६३ च्या उदाहरणात अठरा अधिक पंधरा अधिक पाच म्हणजे अडतीस होतात, तेव्हा चाळीस घ्यावेत. त्यानंतर तेच गणित साठ अंकांवर पुन्हा करावे. दोन्ही वेळी जे अंक सारखे आले, तेवढेच वहीत उतरवावेत. ही तपासणी कंटाळवाणी वाटते, पण ती गाळून पुढे गेलेला एकही निष्कर्ष मी ग्राह्य धरणार नाही.

दुसरी पायरी: फरक चिन्हासकट लिहिणे

संख्या ‘जवळपास विसाएवढी’ आहे असे लिहिणे पुरेसे नाही. वहीत चार रकाने आखावेत: राशी, तिची किंमत, सर्वांत जवळचा पूर्णांक, आणि फरक. फरकाला अधिक किंवा वजा चिन्ह अवश्य द्यावे. पुढच्या पायऱ्यांत हे चिन्हच अनेकदा कारणाकडे बोट दाखवते. उदाहरणार्थ, फाय^१७ ची किंमत ३५७१.०००२८… आहे, म्हणजे फरक अधिक. तर फाय^२० चा फरक वजा. घात विषम असता अधिक आणि सम असता वजा, हा क्रम तीनचार घात तपासताच डोळ्यांत भरतो आणि त्यामागे काही नियम असणार अशी खात्री पटू लागते.

तिसरी पायरी: आपण किती राशी चाळल्या हे मोजणे

ही पायरी बहुतेक जण वगळतात. एखादी संख्या अगदी कशीही निवडली, तर ती कुठल्यातरी पूर्णांकाच्या ०.०००९ एवढ्या अंतराच्या आत पडण्याची शक्यता त्या अंतराच्या दुप्पट, म्हणजे ०.००१८ असते, कारण पूर्णांकाच्या दोन्ही बाजूंना जागा असते. साधारण ५५५ मध्ये एक. म्हणजेच कोणी ५५५ निरनिराळ्या राशी चाळल्या असतील, तर त्यांत एखादी इतकी जवळ येणे हे अपेक्षितच होते.

आता राशी किती झपाट्याने वाढतात ते पाहावे. पायचे पहिले पाच घात आणि ई चे पहिले पाच घात घेतले, प्रत्येकाला १ ते १० पैकी एका पूर्णांकाने गुणले, आणि दोघांची बेरीज किंवा वजाबाकी केली, तर ५ × ५ × १० × १० × २ म्हणजे ५००० राशी तयार होतात. त्यांतली सर्वांत जवळची राशी पूर्णांकापासून ०.०००१ च्या आसपास असेल, असा साधा अंदाज आहे. म्हणून संगणकाला हजारो राशी चाळायला लावून त्यातून मिळालेल्या ‘चार नऊ’ असलेल्या उत्तराला फारशी किंमत देऊ नये. याउलट, राशी जितकी लहान आणि सहज सुचणारी, तितका तिचा जवळचा फरक अधिक लक्षणीय. ई^पाय − पाय ही राशी दोन अक्षरांतच संपते, म्हणून ०.०००९ एवढा मोठा फरक असूनही ती मनात घर करते.

पुरावा तोलण्याच्या या शास्त्राशी कोल्हापूरचे जुने नाते आहे. संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार यांचा जन्म १९१९ साली कोल्हापुरात झाला, आणि पुढे त्यांनी केंब्रिजमध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. निरीक्षण पाहिल्यानंतर एखाद्या अनुमानावर किती विश्वास ठेवावा, हा जेफ्रीज यांच्या कामाचा गाभा होता. इथेही मोठे सूत्र लागत नाही, पण सवय तीच लागते: सापडलेल्या एका राशीबरोबर न सापडलेल्या शेकडो राशींचीही नोंद ठेवणे.

पूर्णांकाने गुणण्याच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. कोणतीही अपरिमेय संख्या घेऊन तिला १, २, ३ असे न पर्यंत गुणत गेले, तर त्यांतला एक तरी गुणाकार पूर्णांकापासून न व्या भागापेक्षा, म्हणजे १/न पेक्षा, जवळ येतोच. हे डिरिक्ले यांनी सिद्ध केलेले आहे. त्यामुळे ११३ × पाय = ३५४.९९९९६९८… हे पाहून चकित होण्यापूर्वी हमी किती होती ते काढावे. हमी १/११३, म्हणजे सुमारे ०.००८८ ची होती. प्रत्यक्ष फरक ०.००००३०१ आहे, म्हणजे हमीपेक्षा सुमारे २९४ पट चांगला. पायचा वितत अपूर्णांक (पूर्णांकी भाग वेगळा काढून उरलेल्याचा व्यस्त पुन्हा पुन्हा घेत गेल्यास मिळणारे आकडे) ३, ७, १५, १, २९२, … असा सुरू होतो, आणि तिथला २९२ हा अवाढव्य आकडाच या जवळिकीचे दुसरे रूप आहे. मात्र तो आकडा तिथे का आहे, याचे उत्तर त्याने मिळत नाही. ३५५ चा साइन, कोन रेडियनमध्ये घेऊन, −०.००००३०१ येतो तो याच जवळिकीमुळे. त्याला वेगळे आश्चर्य म्हणून मोजू नये.

चौथी पायरी: करणी दिसली की अनुबद्ध जोडी शोधणे

राशीत वर्गमूळ असेल तर सर्वांत आधी हीच तपासणी करावी, कारण कारण सापडण्याची शक्यता इथे सर्वाधिक असते आणि त्यासाठी नववीत शिकलेली अनुबद्ध जोडीची कल्पना पुरते. (१ + √२)^६ हे उदाहरण पूर्ण करून पाहू.

(१ + √२) चा वर्ग ३ + २√२ होतो. त्याला पुन्हा (१ + √२) ने गुणल्यास ७ + ५√२ मिळतात. नियम असा दिसतो की आधीची जोडी क आणि ख असेल, तर पुढची जोडी क + २ख आणि क + ख असते. त्यानुसार जोड्या १, १; ३, २; ७, ५; १७, १२; ४१, २९; ९९, ७० अशा येतात. म्हणून (१ + √२)^६ = ९९ + ७०√२. आता √२ चे चिन्ह सर्वत्र उलटे करावे: (१ − √२)^६ = ९९ − ७०√२. दोघांची बेरीज केली की √२ नाहीसे होते आणि १९८ उरतात. पण १ − √२ ही संख्या −०.४१४… एवढी लहान आहे. तिचा सहावा घात ०.००५०५०६… इतकाच भरतो. म्हणजे ९९ + ७०√२ ची किंमत १९८ − ०.००५०५०६…, म्हणजे १९७.९९४९४९३… असणे भाग आहे. फरक किती, त्याचे चिन्ह कोणते, घात वाढला की तो किती वेगाने आटत जाईल, हे सगळे आधीच सांगता येते. अशा संख्येला योगायोग म्हणता येत नाही.

फाय^२० चे तसेच आहे. फायची अनुबद्ध जोडी −१/फाय, म्हणजे −०.६१८…, दोघांच्या न व्या घातांची बेरीज नेहमी पूर्णांक येते. ते पूर्णांक २, १, ३, ४, ७, ११, १८, २९ असे लुकास यांच्या नावाने ओळखले जातात, आणि प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. विसाव्या घाताला १५१२७ येतात आणि फरक ०.६१८… च्या विसाव्या घाताएवढा. दुसऱ्या पायरीत दिसलेला अधिक-वजाचा क्रमही इथेच उलगडतो, कारण वजा संख्येचा सम घात अधिक होतो आणि तो बेरजेतून वजा जातो.

स्वतःचे उदाहरण तयार करायचे असल्यास अशी करणी निवडावी की जिची अनुबद्ध जोडी चिन्ह सोडून १ पेक्षा लहान असेल. ४ + √१७ घ्या. अनुबद्ध जोडी −०.१२३१… आहे. बेरजांचा क्रम ८, ६६, ५३६ असा जातो, म्हणून (४ + √१७)^३ = ५३६.००१८६५… . ५ + २√६ घेतल्यास तिसऱ्याच घाताला ९६९.९९८९६९… मिळते. अनुबद्ध जोडी जितकी लहान, तितके नऊ किंवा शून्ये लवकर गोळा होतात. उलट १ + √६ सारखी राशी निवडली तर १ − √६ ची किंमत −१.४४९… येते, घातागणिक ती वाढत जाते, आणि पूर्णांक जवळ येण्याऐवजी दूर पळतो. हे अपयशी उदाहरणही एकदा करून पाहावे. नियम कुठे लागू पडतो ते त्यातून अधिक स्पष्ट होते.

याच पायरीत आपल्याकडची एक जुनी परंपरा येऊन मिळते. ९२ ला एका वर्गाने गुणून १ मिळवला की पुन्हा वर्ग यावा, हा ब्रह्मगुप्तांचा प्रश्न. उत्तर १२० आणि ११५१: ९२ × १४४०० + १ = १३,२४,८०१, आणि हाच ११५१ चा वर्ग. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या सिद्धान्तशिरोमणीतील बीजगणितात ६१ साठी हाच प्रश्न चक्रवाल पद्धतीने सोडवला, आणि सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० व १,७६,६३,१९,०४९ असे आले. आता या उत्तराकडे आपल्या विषयाच्या बाजूने पाहावे. √६१ ला २२,६१,५३,९८० ने गुणले, तर गुणाकार १,७६,६३,१९,०४९ ला जेमतेम ०.०००००००००२८ इतका कमी पडतो. हा फरक मोठ्या संख्येच्या दुपटीने १ ला भागल्यावर येणाऱ्या उत्तराएवढा आहे, आणि त्याचे कारण साधे आहे: दोन वर्गांतला फरक १ असेल, तर त्यांच्या मुळांमधला फरक १ भागिले मुळांची बेरीज एवढाच असतो. ९२ साठी हेच सूत्र १/२३०२, म्हणजे ०.०००४३ देते, १२० × √९२ काढून पडताळावे.

पाचवी पायरी: १६३ चे रहस्य फरकातून वाचणे

आता पुन्हा ई^(पाय × √१६३) कडे येऊ. पुरेशा अंकांवर तिची किंमत अशी येते: २६२५३७४१२६४०७६८७४३.९९९९९९९९९९९९२५००७… . बारा नऊ आणि मग २५. म्हणजे फरक −०.०००००००००००००७५ च्या घरात असेल असे घाईत वाटते, पण नीट मोजल्यास तो −०.००००००००००००७५ आहे, म्हणजे साडेसात गुणिले दहाचा वजा तेरावा घात. मोजताना शून्य एक इकडे-तिकडे होणे फार सोपे असते, म्हणून फरक नेहमी दहाच्या घातात लिहावा.

या संख्येला करणीच्या अनुबद्ध जोडीने हात लावता येत नाही, कारण ती बीजातीत आहे, म्हणजे पूर्णांक सहगुणक असलेल्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचे ती मूळ नाही. गेलफाँड आणि श्नायडर यांच्या १९३४ च्या प्रमेयावरून ती पूर्णांक असूच शकत नाही हे निश्चित आहे. तरीही १९७५ च्या एप्रिलमध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात, एप्रिल फूल म्हणून, ही संख्या पूर्णांकच असल्याचे सिद्ध झाले आहे आणि रामानुजन यांनी तसे भाकीत केले होते असे लिहिले. तेव्हापासून तिला रामानुजन स्थिरांक म्हणण्याची पद्धत पडली. वस्तुतः १६३ ची ही जवळीक फ्रेंच गणिती हर्मित यांना १८५९ सालीच ठाऊक होती, आणि रामानुजन यांच्या १९१४ च्या प्रसिद्ध निबंधात २२, ३७ आणि ५८ यांची उदाहरणे आहेत, १६३ चे नाही. रामानुजन यांच्याविषयी आदर बाळगणाऱ्याने तरी हा तपशील बरोबर सांगावा.

कारण समजून घेण्यासाठी १९, ४३, ६७ आणि १६३ या चार संख्यांसाठी गणित एकापाठोपाठ एक करावे.

१९ साठी: ८,८५,४७९.७७७६८… आणि ९६ चा घन अधिक ७४४ = ८,८५,४८०.
४३ साठी: ८८,४७,३६,७४३.९९९७७७… आणि ९६० चा घन अधिक ७४४ = ८८,४७,३६,७४४.
६७ साठी: १,४७,१९,७९,५२,७४३.९९९९९८६६… आणि ५२८० चा घन अधिक ७४४.
१६३ साठी: ६,४०,३२० चा घन अधिक ७४४.

चारही ठिकाणी एक घन आणि वर तोच ७४४. एवढ्यावरच योगायोगाचा संशय मावळायला हवा. पण खरा पुरावा फरकात आहे. १,९६,८८४ ला प्रत्येक वेळी मिळालेल्या किमतीने भागावे. ४३ साठी भागाकार ०.०००२२२५३ येतो; फरकही तितकाच. ६७ साठी ०.०००००१३३७५, तोही जुळतो. १६३ साठी साडेसात गुणिले दहाचा वजा तेरावा घात, तोही. १९ साठी भागाकार ०.२२२३५ येतो आणि फरक ०.२२२३२ आहे, म्हणजे पाचव्या दशांशस्थळी थोडी गफलत दिसते. ती गफलतही नियमाबाहेरची नाही: २,१४,९३,७६० ला किमतीच्या वर्गाने भागल्यास ०.००००२७ येते, आणि ते वजा केले की उत्तर बरोबर बसते.

७४४, १,९६,८८४ आणि २,१४,९३,७६० हे आकडे जे-फलन नावाच्या एका फलनाच्या विस्तारातील क्रमाने येणारे सहगुणक आहेत. वरील चार संख्यांसाठी त्या फलनाची किंमत नेमकी पूर्णांकी घन (वजा चिन्हासह) येते. मग विस्तारातील पहिले पद, म्हणजे आपली राशी, घन अधिक ७४४ एवढीच असायला हवी, आणि जे काही उरते ते १,९६,८८४ भागिले ती राशी, एवढे लहान. राशी जितकी मोठी तितका फरक लहान, म्हणून १६३ ची जवळीक सर्वांत देखणी. १६३ च्या पुढे अशी संख्या नाही हेही सिद्ध झालेले आहे; कुर्ट हेगनर यांनी १९५२ साली दिलेली सिद्धता त्या वेळी मान्य झाली नाही, आणि १९६६-६७ च्या सुमारास बेकर व स्टार्क यांनी हा प्रश्न निकालात काढल्यावर हेगनर यांच्या कामाचेही मोल लक्षात आले.

सहावी पायरी: अर्धवट कारण वेगळे काढणे

ई^पाय − पाय बरीच वर्षे निव्वळ योगायोग म्हणून सांगितली जात असे. २०२३ साली तिच्यामागचे एक कारण पुढे आले. थीटा-फलनाच्या (ई^(−पाय × क^२) अशा पदांच्या अनंत बेरजेच्या) एका सममितीवरून अशी अनंत बेरीज मिळते की जिचे पद (८ × पाय × क^२ − २) × ई^(−पाय × क^२) असे आहे, क च्या किमती १, २, ३… अशा घ्यायच्या, आणि बेरीज नेमकी १ येते. पहिले पदच ०.९९९६५… एवढे आहे, बाकीची पदे नगण्य. म्हणून ई^पाय ची किंमत ८ × पाय − २ च्या जवळ असणे क्रमप्राप्त ठरते. त्यातून एक पाय बाजूला काढला की ७ × पाय − २ उरते, आणि ७ × पाय जवळपास २२ असल्यामुळे उत्तर विसाच्या जवळ जाते.

इथेही फरक मोजल्याशिवाय थांबू नये. ई^पाय ही संख्या ८ × पाय − २ पेक्षा ०.००७९५१४ ने जास्त आहे. ७ × पाय ही संख्या २२ पेक्षा ०.००८८५१४ ने कमी आहे. दोन्ही एकत्र केल्यास −०.०००९००० उरते, म्हणजे नेमका आपला फरक. ही दोन्ही अंतरे स्वतंत्रपणे आठ-नऊ सहस्रांशांची आहेत. त्यांच्या जवळिकीला कारणे आहेत, पण दोघांनी एकमेकांना जवळजवळ पुसून टाकावे आणि उत्तर आणखी दहापट चांगले व्हावे, याला मात्र कारण दिसत नाही. म्हणून वहीत या राशीपुढे ‘कारण आहे, पण अर्धे’ असे लिहावे.

सातवी पायरी: कारण न सापडल्यास काय लिहावे

१६३ ला त्याच्याच नैसर्गिक लॉगॅरिथमने भागले तर ३१.९९९९९८७… येते. संख्या तीच १६३, पण इथे जे-फलनाचा काही संबंध दिसत नाही. पायच्या चौथ्या घाताला २२ ने गुणले की २१४३.०००००२७… मिळते, रामानुजन यांनी १९१४ च्या त्याच निबंधात यावरून पायची एक सुंदर अंदाजी किंमत दिली आहे. पायचा चौथा आणि पाचवा घात मिळवून त्या बेरजेला ई^६ ने भागले तर ०.९९९९९९९५६… येते. या तिन्हींपुढे ‘कारण ज्ञात नाही’ एवढेच लिहावे. ‘कारण नाही’ असे लिहिण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि ‘कारण असलेच पाहिजे’ असे लिहिण्याचाही नाही.

नुसत्या नऊंच्या लांबलचक रांगेवर समानता गृहीत धरू नये, यासाठी एक उदाहरण मुलांना मी आवर्जून देतो. पायचा अतिपरवलयी टॅन (कॅल्क्युलेटरवरील tanh) ०.९९६२७२… आहे. त्याला १, २, ३… ने गुणून प्रत्येक गुणाकाराचा फक्त पूर्णांकी भाग ठेवावा, त्यांना अनुक्रमे १०, १००, १०००… ने भागून बेरीज करावी. ही बेरीज १/८१ शी २६८ दशांशस्थळांपर्यंत जुळते आणि तरीही १/८१ नसते. कारण पाहिले की सगळे स्वच्छ होते: एक वजा ०.९९६२७२… म्हणजे ०.००३७२७९…, आणि त्याला २६८ ने गुणेपर्यंत गुणाकार १ च्या आत राहतो. तोवर प्रत्येक पूर्णांकी भाग मूळ गुणकापेक्षा बरोबर एकाने कमी असतो, आणि तशी बेरीज १/८१ च होते. २६९ ला ती शिस्त मोडते.

सरावासाठी: ३७ चे उदाहरण पूर्ण करणे

चौथी आणि पाचवी पायरी एकत्र कशा येतात, हे ई^(पाय × √३७) मध्ये पाहायला मिळते. आधी ६ + √३७ आणि तिची अनुबद्ध जोडी ६ − √३७ घ्यावी. त्यांच्या घातांच्या बेरजा २, १२ पासून सुरू होतात आणि प्रत्येक पुढची बेरीज आधीच्या बेरजेच्या बारापटीत त्याआधीची बेरीज मिळवून येते: १४६, १७६४, २१,३१४, २,५७,५३२, ३१,११,६९८. सहाव्या घाताच्या बेरजेला, म्हणजे ३१,११,६९८ ला, ६४ ने गुणावे आणि २४ वजा करावेत, १९,९१,४८,६४८ येतात. आता फोनवर किंवा एमपीमॅथमध्ये ई^(पाय × √३७) काढून त्यातून ही संख्या वजा करावी, आणि शेजारी ४३७२ ला १९,९१,४८,६४८ ने भागावे. फरक −०.००००२१९५ आणि भागाकार ०.००००२१९५ असे समोरासमोर आले की ५८ साठी हेच करावे: तिथे पूर्णांक ३९६ चा चौथा घात वजा १०४ असा येतो, आणि भाज्य तेच ४३७२ राहते.